जीडीबी ‘करप्ट स्टॅक?’ म्हणतो तेव्हा आधी कुठे बघायचं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. कॉर्टेक्स-एम४ कंट्रोलर, त्यावर फ्रीआरटॉस ही छोट्या बोर्डांची ऑपरेटिंग सिस्टीम, जीसीसी कंपायलरनं बांधलेला कोड, समोर जीडीबी हा डीबगर. बोर्ड हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे प्रोसेसरला पुढे जाता न येणाऱ्या चुकीत, जाऊन बसतो, तुम्ही ‘बीटी’ म्हणजे बॅकट्रेस (कुणी कुणाला बोलावलं याची यादी) टाइप करता आणि असं काहीसं येतं. नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये दिसतील.

#० फॉल्ट_हँडलर_सी, फॉल्ट.सी:४१
#१ <सिग्नल हँडलर कॉल्ड>
#२ आरबी_पुश, आरबी=०, रिंगबफर.सी:८८
#३ कॅन_टीएक्स_पुश, कॅन_ड्रायव्हर.सी:२१४
#४ टेलिमेट्री_टास्क, टेलिमेट्री.सी:१३१
#५ पीएक्सपोर्टइनिशियलाइजस्टॅक, पोर्ट.सी
बॅकट्रेस स्टॉप्ड: प्रीव्हियस फ्रेम आयडेंटिकल टू धिस फ्रेम, करप्ट स्टॅक?

प्रत्येक टास्कला, म्हणजे फ्रीआरटॉसवर चालणाऱ्या प्रत्येक कामाला, स्वतःचा स्टॅक असतो: चालू फंक्शनांचे परतीचे पत्ते ठेवायची मेमरी. ही शेवटची ओळ आमच्याकडे वर्षातून तीन-चारदा तरी येते, आणि दर वेळी नवा माणूस तिच्यात अडकतो. गेल्या पावसाळ्यात नव्यानं रुजू झालेल्या मुलीला बोर्ड घेऊन चाकणला गाडीवर पाठवलं होतं. मी नाशिक फाट्याला सिग्नलवर अडकलेलो, तेवढ्यात तिचा फोन. “सर, स्टॅक करप्ट झालाय. जीडीबीच सांगतोय. आणि तळाशी पोर्टचं इनिशियलाइज-स्टॅक दिसतंय, म्हणजे चालू टास्कचा स्टॅक कुणीतरी पुन्हा इनिशियलाइज करतंय.”

तर्क वाईट नव्हता. समोर जे छापलंय त्यावरून कुणीही हेच म्हणालं असतं. त्याआधीचे दोन दिवस तिनं प्रत्येक मेमकॉपी तपासली होती, सगळ्या टास्कचे स्टॅक दुप्पट केले होते, तपकीर गल्लीतून नवी सिरियल केबलसुद्धा आणली होती. साप साप म्हणून भुई धोपटणं झालं ते. स्टॅक धडधाकट होता. चूक #२ वर छापलेली होती, ‘आरबी=०’ अशी, आणि सगळ्यांचे डोळे मात्र तळाच्या ओळीवर.

त्या ओळीच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह आहे. ते कुणी वाचत नाही. जीडीबी तुमच्या स्टॅकचं निदान करत नाहीये. ‘मी इथे का थांबलो’ याचं कारण सांगतोय आणि सोबत एक शंका जोडतोय.

तो थांबतो कसा

स्टॅकच्या मेमरीत ‘इथे संपलं’ अशी पाटी कुठेही नसते. डीबगरला प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे स्टॅकवरच्या एकेका फंक्शनच्या जागेवर, उभं राहून एकच प्रश्न सोडवायचा असतो: मला कुणी बोलावलं? त्यासाठी तो कंपायलरनं सोबत दिलेला तक्ता बघतो, त्याला सीएफआय म्हणतात. कोडमधल्या अमुक ठिकाणी असताना बोलावणाऱ्याचा स्टॅक पॉइंटर कसा काढायचा, परतीचा पत्ता कुठे ठेवलाय, इतर रजिस्टरं कुठे, हे त्या तक्त्यात असतं. तक्ता नसेल तर जीडीबी फंक्शनच्या सुरुवातीच्या सूचना वाचून अंदाज बांधतो. या मार्गानं एक पायरी वर, म्हणजे बोलावणाऱ्याकडे, गेला की तिथे पुन्हा तोच प्रश्न. हे आपोआप कधीच संपत नाही, कुणीतरी थांबवावं लागतं.

थांबायची कारणं दोन जातींची आहेत आणि इथेच गल्लत होते. पहिली जात म्हणजे पुढे जाता येतं पण जायचं नाही. ‘मेन’ आलं की जीडीबी थांबतो, कारण त्याच्या अलीकडचं बहुतेकांना नको असतं. तुम्ही ‘सेट बॅकट्रेस पास्ट-मेन ऑन’ केलंत की तो निमूटपणे पुढे जातो. लिनक्सवर मग ‘लिबसी-स्टार्ट-मेन’ आणि शेवटी ‘_स्टार्ट’ दिसतं. ‘सेट बॅकट्रेस लिमिट’ हाही याच जातीचा. शून्य पत्त्याचा नियमही इथलाच: साध्या कॉलच्या साखळीत एखाद्या फ्रेमचा पीसी (चालू सूचनेचा पत्ता) शून्य निघाला, तर जीडीबी ती फ्रेम छापतो आणि तिथेच विषय संपवतो. अपवाद फक्त #० चा, कारण नल फंक्शन पॉइंटर बोलावला तर पीसी खरोखरच शून्य असतो आणि तेव्हा बोलावणारा कोण ते बघायचंच असतं. या जातीत थांबताना तो तक्रारीची ओळ छापत नाही.

दुसरी जात म्हणजे पुढे जाताच येत नाही. मेमरी वाचता आली नाही. किंवा वरची फ्रेम स्टॅकवर खालच्या फ्रेमच्याही आत निघाली, जे साध्या कॉलमध्ये शक्य नाही. किंवा वरची फ्रेम आत्ताच्याच फ्रेमसारखी हुबेहूब निघाली. अशा वेळी ‘बॅकट्रेस स्टॉप्ड’ येतं.

हुबेहूब म्हणजे काय? प्रत्येक फ्रेमची जीडीबीच्या लेखी एक ओळख असते आणि ती मुख्यतः दोन गोष्टींची बनते: ते फंक्शन बोलावलं गेलं तेव्हाचा स्टॅकचा पत्ता आणि फंक्शनचा सुरुवातीचा पत्ता. रिकर्शनमध्ये फंक्शन तेच असतं पण स्टॅकचा पत्ता दर पायरीला बदलतो, म्हणून लाख पातळ्यांचं रिकर्शन असलं तरी जीडीबीला ते ‘हुबेहूब’ वाटत नाही. तो लाख ओळी शांतपणे छापत बसतो, तुम्ही चहाला जाऊन या. दोन्ही गोष्टी सारख्या निघाल्या तर मात्र पुढे जाण्यात अर्थ नाही, तो जागच्या जागी गिरकी घेत राहील. म्हणून थांबतो. ही एक शहाणी अडवणूक आहे, एवढंच.

या दोन जातींच्या पलीकडे एक सभ्य शेवटही असतो. सीएफआयमध्ये परतीच्या पत्त्याच्या रकान्यात ‘अनडिफाइंड’ असं लिहिता येतं. त्याचा अर्थ, या फ्रेमला बोलावणारा कुणी नाहीच. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीच्या ‘_स्टार्ट’मध्ये एक्स८६-६४ वर हेच केलेलं आहे, शिवाय जुन्या पद्धतीप्रमाणे फ्रेम पॉइंटरही शून्य केलेला आहे. नवी थ्रेड जिथून सुरू होते त्या ‘क्लोन’च्या तुकड्यातही तेच. म्हणून डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये ही कटकट क्वचित दिसते. आपल्या बोर्डवर तो शिष्टाचार कुणी पाळलेला नसतो.

मग ते इनिशियलाइज-स्टॅक आलं कुठून?

हा भाग मला स्वतःला कळायला बराच वेळ लागला होता, म्हणून जरा रेंगाळतो.

फ्रीआरटॉस नवी टास्क तयार करतं तेव्हा तिच्या स्टॅकवर एक खोटी फ्रेम रचून ठेवतं, जणू ही टास्क आधी चालू होती आणि मध्येच इंटरप्ट आला. त्यात पीसीच्या जागी तुमच्या टास्क फंक्शनचा पत्ता असतो. एलआरच्या जागी, म्हणजे परतीच्या पत्त्याच्या जागी, ‘पीआरव्ही-टास्क-एक्झिट-एरर’ या फंक्शनचा पत्ता असतो. टास्क फंक्शननं कधी परत जायचं नसतं. चुकून गेलंच तर या सापळ्यात पडावं, तिथे असर्ट (चूक दिसली की थांबवणारी तपासणी) लागावा आणि प्रोसेसर फिरत राहावा, असा तो बेत.

म्हणजे आपल्या टेलिमेट्री टास्कला ‘बोलावणारा’ म्हणून एक्झिट-एरर दिसायला हवं होतं. दिसलं इनिशियलाइज-स्टॅक. का?

परतीचा पत्ता म्हणजे कॉलच्या पुढच्या सूचनेचा पत्ता. समजा एखाद्या फंक्शनची शेवटची सूचना ‘अबॉर्ट’ला केलेला कॉल आहे. अबॉर्ट परत येणार नाही हे कंपायलरला माहीत असल्यानं त्यानं पुढे काहीच लिहिलेलं नाही. मग परतीचा पत्ता थेट शेजारच्या फंक्शनच्या दारात पडतो. अशा वेळी चुकीचं नाव छापलं जाऊ नये म्हणून डीबगर परतीच्या पत्त्यातून एक वजा करतो आणि मग शोधतो की हा पत्ता कुणाच्या हद्दीत. पेठेत पत्ता सांगताना ‘त्या दुकानाच्या अलीकडचं दार’ म्हणतात, तसंच. खऱ्या कॉलसाठी हा नियम अचूक आहे.

आपला एलआर मात्र कुठल्याही कॉलनं टाकलेला नाही, हातानं लिहिलेला आहे, आणि तो एक्झिट-एररच्या अगदी पहिल्या सूचनेवर आहे. एक वजा केला की आपण अलीकडच्या दारात. पोर्ट.सीमध्ये एक्झिट-एररच्या लगेच अलीकडे कोण राहतं? पीएक्सपोर्टइनिशियलाइजस्टॅक. बिचारं पुन्हा चाललेलंच नव्हतं, त्याची फक्त पाटी वाचली गेली.

आता पुढची पायरी. जीडीबी इनिशियलाइज-स्टॅकचा सीएफआय तक्ता लावतो. ते कुणाला बोलावत नाही, त्यामुळे त्यानं एलआर स्टॅकवर ठेवलेलाच नसतो, आणि फंक्शनच्या शेवटाशी तक्ता म्हणतो: स्टॅक पॉइंटर आहे तोच, एलआर आहे तोच. म्हणजे बोलावणाऱ्याचा पत्ता पुन्हा एक्झिट-एररची पहिली सूचना, स्टॅकचा पत्ताही तोच. ओळख हुबेहूब, काम थांबलं, आणि वाक्य छापलं गेलं.

ग्लिबसीमधली मंडळी याच खड्ड्यातून आधी गेलेली आहेत. सिग्नल हँडलरहून परतताना जो छोटा तुकडा चालतो, त्याच्या आधी एक्स८६-६४ वर एक ‘नॉप’, म्हणजे काहीच न करणारी सूचना, मुद्दाम टाकलेला आहे. एक वजा केल्यावर पाय शेजाऱ्याच्या अंगणात पडू नये म्हणून.

स्टॅक खरंच ठीक आहे का: दोन मिनिटांची तपासणी

एवढं वाचून ‘मग ही ओळ दुर्लक्षित करायची’ असं ठरवू नका. हेच वाक्य खऱ्या बिघाडातही येतं. फरक ओळखायचा मार्ग आहे आणि तो सोपा आहे.

फ्रीआरटॉसकॉन्फिग फाइलीत ‘कॉन्फिग-रेकॉर्ड-स्टॅक-हाय-अ‍ॅड्रेस’ १ करा. मग टास्कच्या टीसीबीमध्ये, म्हणजे फ्रीआरटॉस ठेवतं त्या टास्कच्या नोंदीत, ‘पीएक्स-एंड-ऑफ-स्टॅक’ हे फील्ड येतं. या कंट्रोलरवर स्टॅक खाली वाढतो, त्यामुळे हे नसेल तर टीसीबीत फक्त खालचं टोक मिळतं आणि आपल्याला वरचं हवंय.

आता बॅकट्रेसमध्ये तुमच्या टास्क फंक्शनची जी फ्रेम आहे ती निवडा, इथे ‘फ्रेम ४’, आणि ‘इन्फो फ्रेम’ टाइप करा. पहिल्याच ओळीत ‘स्टॅक फ्रेम अ‍ॅट’ आणि पुढे एक पत्ता येतो. टास्कमध्ये शिरताना स्टॅक पॉइंटर जिथे होता, तो हा पत्ता.

आमच्या बोर्डवरचे आकडे सांगतो. टास्कचा स्टॅक ५१२ शब्दांचा, म्हणजे २०४८ बाइट. एक्सटास्कक्रिएटला द्यायचा आकडा बाइटमध्ये नसून शब्दांमध्ये असतो, हे जाता जाता, कारण यातही दर वर्षी कुणीतरी पडतं. स्टॅकची सुरुवात हेक्स २०००१८०० ला. पीएक्स-एंड-ऑफ-स्टॅक हेक्स २०००१एफएफ८. ‘स्टॅक फ्रेम अ‍ॅट’ पुढे आलं तेही हेक्स २०००१एफएफ८. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे.

याचा अर्थ जीडीबी स्टॅकच्या काठापर्यंत पोचला होता. त्याच्यावर त्या टास्कचं काहीच नाही, उलगडायला काही उरलेलंच नाही. साखळीत मधली एखादी कडी तुटली असती तर हिशोब असा शेवटच्या बाइटपर्यंत जुळला नसता. आकडे जुळले की #५ आणि त्याखालची ओळ सोडून द्या, वरच्या ओळी वाचायला घ्या.

जीडीबी हे स्वतः का करत नाही? कारण तुमच्या टास्कचा स्टॅक कुठून कुठपर्यंत आहे हे त्याला माहीतच नसतं. बोर्ड आणि जीडीबी यांना जोडणाऱ्या ओपनओसीडीला फ्रीआरटॉस समजतं, तो टास्कच्या याद्या थ्रेड म्हणून दाखवतो. पण उलगडणं कुठे थांबवायचं हा निर्णय जीडीबीचा, आणि तिथे ही हद्द पोचत नाही.

खरा बिघाड कसा दिसतो तेही सांगतो. एकदा आमच्याकडे #२ वर ‘हेक्स २ई३०२ई३०’ आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं आली होती. फ्लॅश हेक्स ०८ नं सुरू होतो, रॅम २० नं, मग हा पत्ता कुठला? अक्षरांत वाचा: ३०, २ई, ३०, २ई. शून्य, टिंब, शून्य, टिंब. मेमरीत बघितलं तर ३१, २ई, ३०, २ई होतं. या प्रोसेसरवर कोडच्या पत्त्यातला शेवटचा बिट १ ठेवून ‘थंब मोड’ दाखवतात; जीडीबीनं तो बिट काढून टाकल्यामुळे १ चा ० झाला होता. ‘१.०.’, म्हणजे फर्मवेअरच्या आवृत्तीची स्ट्रिंग लहान बफरमध्ये न मावता परतीच्या पत्त्यावर सांडली होती. तळाशी वाक्य तेच, ‘प्रीव्हियस फ्रेम आयडेंटिकल’. पण ‘स्टॅक फ्रेम अ‍ॅट’ काठापासून बरंच खाली राहिलेलं. वाक्यावरून काही कळलं नसतं, आकड्यावरून लगेच कळलं.

सोबत स्टॅकचं खालचं टोकही बघून घ्या. फ्रीआरटॉस ओव्हरफ्लो तपासणी २ वर ठेवलेली असताना स्टॅक हेक्स ए५ नं भरून ठेवतं. खालच्या टोकाला अजून ए५ ए५ ची रांग दिसत असेल तर ओव्हरफ्लोची शक्यता बरीच कमी झाली.

दुसरं कारण: नेकेड फॉल्ट हँडलर

हे जास्त त्रासदायक, कारण यात खरी माहिती हातची जाते. बॅकट्रेस फक्त दोन ओळींचा येतो: #० तुमचा सीमधला हँडलर, #१ हार्डफॉल्ट_हँडलर, आणि खाली तेच वाक्य. कुठल्या फंक्शननं घात केला याचा पत्ताच नाही.

जिथे मिळेल तिथून उचललेला हँडलर असतो हा, ‘नेकेड’ म्हणजे कंपायलर ज्याला स्वतःच्या सूचना जोडत नाही असा. असेंब्लीत पाच-सहा ओळी, कुठला स्टॅक चालू होता ते एलआरच्या बिटवरून ठरवायचं, तो पॉइंटर आर०मध्ये टाकायचा आणि सी फंक्शनकडे जायचं. जाताना कुणीतरी ‘बीएल’ लिहिलेलं असतं. बीएल एलआर पुसून त्यात स्वतःच्या पुढचा पत्ता लिहितो. फॉल्ट आला तेव्हा प्रोसेसरनं एलआरमध्ये एक खास आकडा ठेवलेला असतो, सात एफ आणि शेवटी डी, म्हणजे ‘टास्कच्या स्टॅकवरून आलो होतो, तिकडेच परत जायचं’. किंवा सात एफ आणि ९, म्हणजे मुख्य स्टॅकवरून. फ्लोटिंग पॉइंट वापरात असेल तर शेवटून दुसऱ्या जागी एफऐवजी ई. हा आकडा दिसला की जीडीबी ओळखतो की इथे एक्सेप्शनची हद्द आहे, आणि ‘सिग्नल हँडलर कॉल्ड’ असं छापून पलीकडे टास्कच्या स्टॅकवर उडी मारतो. बीएलनं तोच पुसला.

नेकेड फंक्शननं काही पुश केलेलं नसतं, म्हणून तक्ता पुन्हा म्हणतो ‘एलआर आहे तोच’. तो तर याच हँडलरच्या आतला पत्ता. बोलावणारा स्वतःच निघाला. हुबेहूब. थांबा.

उपाय एका अक्षराचा: ‘बीएल’ऐवजी साधं ‘बी’. एलआर शाबूत राहतो, सी हँडलर तो स्वतःच्या स्टॅकवर ठेवतो, आणि बॅकट्रेस पलीकडे जातो. जुन्या फर्मवेअरवर हा बदल लगेच करता येत नसेल तर हातानं: बीएलच्या आधी आर०मध्ये टास्कचा स्टॅक पॉइंटर टाकलेला असतोच, तिथून आठ शब्द वाचा. आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी, एक्सपीएसआर असा क्रम. सातवा शब्द हा गुन्ह्याच्या जागेचा पत्ता, ‘इन्फो लाइन’ला द्या.

याच जातीचा आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. एआरएमवरचा जीसीसी, ऑप्टिमायझेशन चालू असताना, ‘नोरिटर्न’ अशी खूण असलेल्या फंक्शनमध्ये एलआर जपून ठेवण्याची तसदी घेत नाही. परतच जायचं नाही तर कशाला, असा त्याचा हिशोब. त्यामुळे तुमच्या असर्ट हँडलरवर ती खूण असेल तर असर्ट लागल्यावर बॅकट्रेस तिथेच लुळा पडतो. डीबग बिल्डमध्ये आम्ही ती खूण काढून टाकतो.

टास्कच्या तळाचा कायमचा बंदोबस्त

फ्रीआरटॉसनं सोय ठेवलेली आहे. ‘कॉन्फिग-टास्क-रिटर्न-अ‍ॅड्रेस’ नावाचा मॅक्रो कॉन्फिग फाइलीत दिलात तर एक्झिट-एररच्या जागी तुमची किंमत एलआरमध्ये जाते. पोर्ट.सीमध्ये या मॅक्रोवरची टीप वाचा. डीबगरमध्ये स्टॅक उलगडताना घोळ होत असेल तर बदलता यावं म्हणून हे दिलंय, असं तिथे चक्क लिहिलेलं आहे. इतक्या वर्षांत मला ती टीप वाचलेला माणूस फारसा भेटलेला नाही.

मॅक्रो ० ठेवलात की शून्य पत्त्याचा नियम लागू होतो. #५ वर सगळी शून्यं आणि दोन प्रश्नचिन्हं येतात आणि तिथे बॅकट्रेस संपतो. ‘करप्ट’ हा शब्द नाही, फोन नाही. किंमत एवढीच की टास्क फंक्शन चुकून परत गेलं तर एक्झिट-एररचा नेटका सापळा मिळत नाही. प्रोसेसर शून्याकडे उडी मारतो, पत्त्यात थंब बिट नसल्यानं फॉल्ट येतो, आणि मूळ कारण थोडं झाकलं जातं. ज्यांच्या टास्कमध्ये ‘फॉर’ची अनंत लूप आहे त्यांना फरक पडत नाही. ज्यांनी लूपमध्ये कुठेतरी ‘ब्रेक’ लिहून ठेवलाय त्यांना पडेल.

दोन्ही हवं असेल तर असेंब्लीत स्वतःचा छोटा थांबा लिहावा लागतो. सीएफआयची हद्द सुरू करा, लगेच ‘.सीएफआय_अनडिफाइंड एलआर’ लिहा, मग एक नॉप, नॉपच्या नंतर लेबल, आणि लेबलपासून एक्झिट-एररसारख्या स्वतःच्या फंक्शनकडे साधी उडी. लेबलला ‘.थंब_फंक’ लावायला विसरू नका. मॅक्रोमध्ये या लेबलचा पत्ता द्या. एक वजा केल्यावर पत्ता नॉपवर पडतो, तोही आपल्याच हद्दीत, तिथला तक्ता सांगतो की बोलावणारा कुणी नाही, आणि जीडीबी सभ्यपणे थांबतो. मूळ एक्झिट-एरर हे स्टॅटिक, म्हणजे त्याच्या फाइलीपुरतंच, फंक्शन असल्यानं तिथे थेट उडी मारता येत नाही, तेव्हा त्याच्यासारखं स्वतःचं लिहा, चार ओळींचंच आहे. फाइलीच्या वरती ‘.सीएफआय_सेक्शन्स .डीबग_फ्रेम’ हेही लिहा, नाहीतर असेंब्लर तो तक्ता दुसऱ्याच सेक्शनमध्ये ठेवतो, आणि तुमची लिंकर स्क्रिप्ट तो फेकून देत असेल तर सगळी मेहनत पाण्यात. माझी पहिली संध्याकाळ यातच गेली.

थांबण्याचं कारण दर वेळी वाक्यावरून ओळखायचं नसेल तर जीडीबीच्या पायथनमध्ये फ्रेमवर ‘अनवाइंड_स्टॉप_रीझन’ आहे. शेवटच्या फ्रेमवर जाऊन ते विचारलं की कारणाचा क्रमांक मिळतो, आणि ‘फ्रेम_स्टॉप_रीझन_स्ट्रिंग’ला दिला की शब्द. ‘आउटरमोस्ट’ आलं तर सभ्य शेवट. आमच्या टेस्ट बेंचवर फॉल्ट आला की स्क्रिप्ट हे कारण आणि टास्क फ्रेमचा काठापर्यंतचा फरक, दोन्ही लॉगमध्ये टाकते. फरक शून्य असेल तर ‘स्टॅक’ हा शब्द बग रिपोर्टात लिहायचा नाही, असं ठरलंय.

आता चाकणचा तो फॉल्ट. ‘आरबी=०’, म्हणजे रिंग बफरचा पॉइंटर शून्य. टेलिमेट्री टास्क कॅन (गाडीतलं संदेशांचं जाळं) ड्रायव्हर तयार होण्याआधीच धावली होती. पण शून्य पत्त्यावरून वाचताना हा कंट्रोलर कुरकुर करत नाही, तिथे फ्लॅशचीच प्रत दिसते आणि फ्लॅशच्या सुरुवातीला व्हेक्टर टेबल असतं. त्यातला पहिला शब्द म्हणजे सुरुवातीचा स्टॅक पॉइंटर, दुसरा रीसेट हँडलरचा पत्ता. आरबी_पुशनं पहिल्याला बफर समजलं आणि दुसऱ्याला इंडेक्स. दोन्हींची बेरीज करून जिथे बाइट लिहायला गेलं तिथे रॅमच नव्हती.

मी पोचेपर्यंत तिनं मॅक्रो शून्य करून बोर्ड पुन्हा चालवला होता. “सर, तळाला आता नुसती शून्यं आहेत,” ती म्हणाली, “आणि वरती, #२ वर पण शून्य आहे. ते पण आधीपासून होतं का?”

होतं.